बाबा कुणाकडे

३ मार्च
हवामानवाल्याला आज चौथ्यांदा भेटले. हवामान खात्यात आहे, म्हणून हे नाव — फक्त इथे, त्याच्या तोंडावर नाही. लग्नासाठी भेटलेल्या आधीच्या तिघांपेक्षा बरा. एकाला माझं लिफ्ट-तपासणीचं काम पुरुषाचं वाटायचं, एकाने पहिल्या भेटीतच पगार विचारला, तिसरा तर मध्येच गायब झाला. हा ऐकून घेतो. आज कामावरून थेट गेले, कोपराला ग्रीस तसंच. त्याने रुमाल पुढे केला. छत्तिसाव्या वर्षी एवढ्याशाने विरघळायचं?

९ मार्च
त्याच्या घरी जेवले. स्वयंपाक त्यानेच केला, चांगला झाला होता. नंतर ओट्याकडे पाठ करून बसला. भांडी? 'राहू दे, उद्या आई येऊन बघेल.' आई बहात्तर वर्षांची.
शेवटी मीच घासली. कुणी सांगितलं नव्हतं. मग का घासली?

१४ मार्च
मशीन-रूममध्ये लिफ्टचा ब्रेक तपासत होते, तेव्हा त्याचा फोन. लग्नाचंच बोलला, आडपडदा न ठेवता. मी खूश. मग म्हणाला, 'आईला आता एकटं ठेवून चालणार नाही. ती आपल्याकडे राहील. तू फिरतीचं सोडून ऑफिसातलं काम घेतलंस तर...'
'आणि तू?'
'माझ्या कामाच्या पाळ्या असतात गं. मला कसं जमणार?'
पुढचं डोक्यात शिरलंच नाही. ब्रेकची मापं दोनदा घ्यावी लागली.

१५ मार्च
वहिनीला फोन केला. दादाची बायको, पण मन मोकळं करायला मला तीच लागते. सगळं भडाभडा सांगितलं. वाटलं म्हणेल, शहाणाच दिसतोय.
ती म्हणाली, 'बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, मी लॅबमधली नोकरी सोडली. तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं?'
आठवेना.
'वहिनी आहे, म्हणून आम्ही निर्धास्त — असं म्हणालीस. सात वर्षं झाली.'
चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च
काही सुचत नाही.

१९ मार्च
दादाला म्हटलं, बाबा तुझे नि माझे, मग सगळं वहिनीच्या गळ्यात का? 'तिची काही तक्रार नाही. तू कशाला काड्या घालतेस?' हवामानवालाच बोलतोय असं वाटलं. मग वाटलं, इतकी वर्षं मी तरी वेगळं काय बोलत होते?
वहिनीला जुन्या लॅबने परत बोलावलंय. दादाला पत्ता नाही. मलाही आज कळलं — आज विचारलं म्हणून.

२४ मार्च
बाबांना माझ्याकडे घेऊन आले. दिवसा सोबतीला बाई ठेवली — तीही बाईच. फिरती निम्मी करून घेतली. म्हणजे हवामानवाला सांगत होता तेच केलं की मी! फक्त आपल्या मर्जीने. फरक आहे ना? की ही नुसती मनाची समजूत?
त्याला कळवलं. 'म्हणजे माझ्या आईसाठी म्हटलं तेव्हा हो म्हणाली नाहीस, आणि आता...'
म्हटलं, 'तू तुझ्या आईसाठी काय सोडणार ते सांग. मग बोलू.'
'विचार करतो,' म्हणाला.

२८ मार्च
त्याचा फोन नाही. आठवण येते आणि येते याचाच राग येतो.
बाई आली नाही, बाबांना अंघोळ मी घातली. ते संकोचले, मीही. भिंतीकडे बघत म्हणाले, 'तुझ्या वहिनीने कधी कळू दिलं नाही.' काय कळू दिलं नाही, ते विचारायचं धाडस झालं नाही.

३० मार्च
वहिनी कामावर रुजू झाली. दुपारी फोन केला तर आवाज ओळखू येईना, इतकी हसत होती.

२ एप्रिल
सकाळी दादाचा फोन. वहिनी कपडे घेऊन गेली, लॅबजवळ खोली घेतलीय. 'तुला माहीत होतं?'
नव्हतं. तिला फोन लावला.
'बाबांसाठीच थांबले होते गं,' ती म्हणाली. 'आता ते तुझ्याकडे आहेत.'