लाल दिवा म्हणजे बंद

सोमवार, १० नोव्हेंबर

आज सकाळी उठून पाणी भरलं. खिडक्या पुसल्या. दहाच्या सुमाराला व्हिडिओच्या दुकानात गेले, दुपारी परत आले. सकाळचं होतं तेच गरम करून जेवले. मुलाचा फोन आला. थोडं आडवं व्हावं म्हटलं, पण झोप आली नाही, म्हणून हे पत्र.

वन्सं, तुम्हाला नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद. मोठ्यांमध्ये आता तुम्हीच उरलात, तेव्हा नमस्कार सगळा तुमच्या वाट्याला. गुडघा कसा आहे? जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तुम्ही रोज गच्चीवर जाता, असं तुमच्याच घरातल्या एका व्यक्तीने मला कळवलं. (नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. ती तुमची सून आहे.) मी बरी आहे. हे उन्हाळ्यात गेले तेव्हापासून जो भेटेल तो कशा आहात म्हणून विचारतो आणि मी बरी आहे म्हणते, त्यामुळे ते आता तोंडात बसलं आहे. परवा दूधवाल्याने "किती देऊ?" विचारलं, तर त्यालाही "बरी आहे" म्हणाले. फोनच करणार होते, पण फोनवर मला काही सुचत नाही हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर बोलायचं खातं ह्यांच्याकडे होतं.

विषय कॅसेटचा आहे. तुमच्या बंधुराजांनी जन्मभर जे चित्रीकरण केलं, त्याचं एक मोठं खोकं माळ्यावर होतं. तळाशी पुस्तकाएवढ्या जाड कॅसेट, त्यावर साबणाच्या वडीएवढ्या, सगळ्यात वर काडेपेटीहून जराशा मोठ्या. कॅमेरा बदलला की कॅसेट बदलायची, आणि आधीची बघायला जुनं मशीन ठेवावं लागायचं. कॅसेट लहान होत गेल्या आणि घर मशीनांनी भरत गेलं. मग एकेक मशीन बिघडून गेलं, किंवा कुणाला तरी दिलं गेलं, आणि कॅसेट तेवढ्या राहिल्या. सगळ्यांवर माझ्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. मी नोकरीभर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, ती सवय. फरक इतकाच, की बाटलीवर एक आणि आत दुसरं असतं तर मला कामावरून काढलं असतं. इथे चिठ्ठीवर 'वाढदिवस' असायचं आणि आत फरशी.

ही फरशीची गंमत तुम्हाला अर्धीच माहीत आहे. आपण सगळे समजायचो की ह्यांना कॅमेरा जमत नाही. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट चालू ठेवणारा माणूस, आणि त्याला एक बटण दाबता येऊ नये? कारण मला फार उशिरा कळलं. लिफ्टच्या पॅनेलवर लाल दिवा लागला म्हणजे लिफ्ट थांबली, कुणीतरी आत अडकलं. कॅमेऱ्यात लाल दिवा लागला म्हणजे चित्रीकरण सुरू झालं. ह्यांच्या डोक्यात पहिलंच पक्कं होतं. त्यामुळे कॅमेरा पिशवीतून काढला की एकदा बटण दाबायचे, लाल दिवा लागायचा, 'बंद आहे' म्हणून समाधानाने खांद्याला लटकवायचे. केक आला, मुलगा बक्षीस घ्यायला उठला, पाहुणे फोटोला उभे राहिले, की परत बटण. दिवा जायचा. मग डोळा मिटून, श्वास रोखून, अगदी मन लावून हे काहीही टिपत नसायचे. कार्यक्रम संपला की पुन्हा बटण, पुन्हा दिवा, पुन्हा कॅमेरा खांद्याला. तेव्हा आमच्याकडे घरातल्या एकाही प्रसंगाचं चित्र नाही, पण दोन प्रसंगांच्या मधलं सगळं आहे. जिने आहेत, गालिचे आहेत, लोकांच्या चपला आहेत, ह्यांच्या पँटची शिवण तर फारच सुरेख आली आहे. कुणी सांगितलं की म्हणायचे, "कॅमेऱ्यात दोष आहे." मग नवा कॅमेरा यायचा. यंत्रं तीन झाली, माणूस एकच राहिला.

तर मी पंधरा दिवसांपूर्वी खोकं रिक्षात घालून दुकानात नेलं. तो दुकानदार पूर्वी लग्नाच्या शूटिंगला जायचा, आता पासपोर्टचे फोटो काढतो आणि जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. माणूस सज्जन आहे. (सज्जन माणसांची मला अलीकडे भीती वाटायला लागली आहे. ह्यांच्या मागे कपाट रिकामं करून द्यायला आलेलेही सज्जनच होते.) आज आणायला गेले तर त्याने मोठ्या आनंदाने माझ्या हातावर अंगठ्याएवढी पेनड्राइव्ह ठेवली. सगळं मिळून पाव तासाचं. मी म्हटलं, "बाकीचं?"

"काढून टाकलं, बाई. नुसती जमीन होती. कोण बघणार?"

"मी."

"अहो, चपला आहेत त्यात."

"कुणाच्या?"

त्या बिचाऱ्याने पेनड्राइव्ह माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाला, "तुम्ही बघाच, चांगलं चांगलं ठेवलंय." आणि लावून दाखवलं. चांगलं चांगलं म्हणजे, कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तेव्हाचं. त्यात मी आहे, मुलगा आहे, तुम्ही दोनदा आहात आणि दोन्ही वेळा तुमच्या तोंडात घास आहे. ह्यांचा आवाज कुठेच नाही. आवाज सगळा जमिनीबरोबर गेला. मी त्याला म्हटलं, एक कॅसेट जशीच्या तशी लावा. कुठली, तर तो खोक्यात हात घालून म्हणाला, ही मोठी घ्या, लग्नाची. ते तुमच्या मुलीचं लग्न निघालं.

वन्सं, हॉलमधला तो हिरवा गालिचा आठवतो का? मला आठवत नव्हता, आता जन्मभर आठवेल. तो गालिचा हलत होता, ह्यांचे बूट मागेपुढे होत होते, आणि हे हॉलच्या मॅनेजरला सांगत होते की तुमच्या लिफ्टचा आवाज ऐका, दोरखंड बदलायला झालाय, आज इतकी माणसं येणार, मला वर जाऊन बघू द्या. तो म्हणतोय, "साहेब, तुम्ही मुलीचे मामा, तुम्ही पंगतीत बसा." दुकानदार हसला. मीही हसले. स्टुलावर बसून, पर्स मांडीवर धरून, एका मेलेल्या माणसाचं लिफ्टबद्दलचं भांडण ऐकत होते आणि मला वाटत होतं की हे संपू नये.

मग तुमच्या साडीचे काठ गालिच्यावर आले. ह्यांचा आवाज आला, "ताई, हिने सकाळपासून काही खाल्लं नाही. तू एक ताट नेऊन दे तिला."

तुम्ही म्हणालात, "तूच ने की. मला इथे श्वास घ्यायला सवड नाही."

"मी नेलं तर 'नंतर' म्हणेल. तू दिलंस तर नाही म्हणता येणार नाही तिला. आणि माझं नाव सांगू नकोस."

"बायकोला जेवायला घालायलाही मध्ये माणूस लागतो तुला," तुम्ही म्हणालात. हे काहीतरी बोलायला लागले, "अगं, तसं नाही, ती..." आणि मशीनमधून कुरकुर आवाज आला, पडदा पांढरा झाला, आणि फीत आत गुंडाळली गेली. दुकानदाराने स्क्रू काढून, हात घालून ती हळूहळू बाहेर ओढली. हातभर फीत चुरगळली, पण तुटली नाही. त्याने ती पेन्सिलीने परत गुंडाळली. मशीन मात्र गेलं. अशी मशीनं आता मिळत नाहीत म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला की मीच त्याला पाणी दिलं, त्याच्याच बाटलीतलं.

ते ताट मला चांगलं आठवतंय. स्वतःच्या मुलीचं लग्न, मागे हजार कामं, आणि तरी तुम्ही आठवणीने माझ्या हातात ताट आणून दिलंत, समोर उभं राहून खायला लावलंत. मी आजपर्यंत किती जणांना ती गोष्ट सांगितली आहे. नणंद असावी तर अशी, म्हणून. (तुमच्या सुनेला तर दोनदा सांगितली, तेव्हा तिने नुसता पदर नीट केला होता.) ते मानलेले सगळे उपकार मी आजच्या तारखेपासून परत घेत आहे, कृपया नोंद घ्यावी. ह्यांना मात्र मी त्या रात्री ऐकवलं होतं, की तुमच्या बहिणीला माझी आठवण राहिली, तुम्हाला कॅमेऱ्यातून सवड झाली नाही. हे कॅमेऱ्याची पिशवी झाडत होते. "हो ना," म्हणाले.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बुरशी धरलेल्या कॅसेट घरात ठेवू नकोस, तुला खोकला होतो. पेनड्राइव्ह आहे ना आता? टाकून दे खोकं." त्याचं म्हणणं बरोबर आहे. फरशा बघत बसायचं हे काही वय नाही, आणि मला त्याची हौसही नाही. तेव्हा खोकं काढून टाकायचं ठरवलं आहे. तुम्हाला आधी कळवावं, म्हणून लिहिलं. बाकी ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. ह्यांनी दुसरा कॅमेरा घेतला तेव्हा मोठ्या कॅसेटचं मशीन तुम्हाला दिलं होतं. तुम्ही त्यावर इस्त्री ठेवता. ते भंगारात दिलं नसेल तर देऊ नका. इस्त्रीही जरा दुसरीकडे ठेवा. मी रविवारी येते. खोकं टाकायचं ठरवलं आहे असं वर लिहिलं आहे, ते मुलाने तुम्हाला विचारलं तर सांगायला म्हणून.

आणखी एक ता. क. उपकार परत घेतले आहेत ते घेतलेलेच समजा, पण इतकी वर्षं ह्यांचं नाव सांगितलं नाहीत, त्याचे वेगळे मानते. "ती..." म्हटल्यावर हे पुढे काय म्हणाले, ते तुम्हाला कदाचित आठवत असेल. बहुधा पुन्हा लिफ्टबद्दलच काहीतरी असेल. पण आठवत असलं तरी मला लिहू नका, आणि रविवारी मशीन लावायच्या आधी बोलूही नका. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. कुलूप लावून पत्र टाकून येते.