डाव्या बाजूची रिकामी जागा

आजोबा,

तुम्ही माझे सख्खे कुणी नव्हता. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आलो, तुमच्या तळघरातली खोली भाड्याने घेतली, आणि एवढ्या वयाच्या घरमालकाला नावाने हाक मारायला जीभ वळेना म्हणून आजोबा म्हणायला लागलो. अर्थ सांगितला त्या दिवशी तुम्ही बटाट्याचं सूप जरा जास्तच वाढलंत. मी कोल्हापूरचा, पेठेच्या फुटबॉल संघात कायम बाकावर बसलेला. तुम्ही महायुद्धाच्या काळात स्लोव्हाकियाकडून डाव्या बाजूला खेळलेले. मला तर देवच भेटला होता. रविवारी बागेत तुम्ही मला पळवायचात आणि मोडक्या इंग्रजीत झापायचात, "बॉलची वाट बघत काय उभा राहतोस? जागा रिकामी दिसली की घुसायचं. विचारत बसायचं नाही."

तुमचं रडगाणं एकच. एकोणिसाव्या वर्षी क्लबात जागा मिळाली, मग देशाच्या संघात, गोल मारले. आणि युद्ध संपताच जर्मनांच्या मेहेरबानीवर उभा असलेला तो देशच नकाशावरून गेला. ते सामने कुणी मोजेना. पुढचं आयुष्य इथल्या मोटारींच्या कारखान्यात गेलं. "मला पुसून टाकलं," म्हणायचात, आणि मी मूर्खासारखा हळहळायचो. मला पदवी मिळाली तेव्हा तुम्ही तुमचे जुने बूट काढून दिलेत.

आता आम्ही ईडन प्रेरीला असतो. मुलगी उद्या शाळेत तुमच्यावर बोलणार आहे, ते बूट घेऊन. तिला मदत म्हणून मी तुमच्या क्लबचे फोटो शोधले. एका फोटोत डाव्या बाजूला दुसराच कुणीतरी उभा आहे, हसतोय. खाली त्याचं नाव, आणि लिहिलंय, ज्यू म्हणून संघातून काढलं, पुढे गाडीत कोंबून नेलं, परत आला नाही. पुढच्या वर्षीच्या फोटोत त्याच जागी तुम्ही. जागा मिळाली म्हणे! पुसला गेला तो, आजोबा. तुम्ही नव्वदीपर्यंत सूप प्यायलात. स्वतःसाठी इतकं रडलात, त्याच्यासाठी एकदा तरी चमचा खाली ठेवायचा होता. बुटाच्या आत शाईने लिहिलेलं नाव त्याचंच आहे. त्याच्या कपाटातून उचललेत, की त्यानेच सांभाळायला दिले होते? तेवढी फट तुमच्यासाठी ठेवतोय, तीही नाइलाजाने.

फोटो मुलीला अजून दाखवलेले नाहीत. मघाशी तिने बूट उजेडात धरला. शाई पुसट झालीये, अक्षर तिला लागेना. "बाबा, हूज नेम इज धिस?"

"असेल दुकानदाराचं," मी म्हणालो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. बूट दिलेत त्याच दिवशी मी ते नाव वाचलं होतं. तुमचं नाही एवढं कळलं होतं. विचारलं असतं तर कदाचित तुम्ही माझे आजोबा राहिला नसतात. म्हणून गप्प बसलो, बूट पायात घातले, आणि ते मला अगदी बरोबर बसले.