कोंब फुटलेला कांदा

१० जानेवारी २०२६, गेर्लिंगेन

म्हणे तिथे बघण्यासारखं काही नाही!

हृषी म्हणाला. माझा स्वतःचा मुलगा. जेवताना, ताटातून मान वर न करता. "आई, डोंगरातलं एवढंसं गाव गं. चार घरं. स्पेनला जायचंच तर बार्सिलोना बघू, समुद्र बघू."

चार घरं! त्यातल्याच एका घरात त्याचे वडील तीन महिने राहिले होते. १९९३ साल. पुण्याच्या कंपनीने ह्यांना फिटर म्हणून पाठवलं होतं, ऑलिव्हच्या तेलाच्या गिरणीत मशीन बसवायला. कॅटलोनियाच्या डोंगरातलं फोंतेला गाव, रोझेर नावाच्या बाईंचं शेतघर, त्यातली माडीवरची खोली. इकडे पुण्यात मी, आणि गोवराने फणफणलेला पाच वर्षांचा हृषी. ह्यांची पत्रं यायची. सगळी कांद्याबद्दल!

१२ जानेवारी

कांद्याचं लिहूनच ठेवते.

ह्यांचं म्हणणं असं — तिथे कांदा एकदा काढतात, साठवतात, कोंब फुटला की तोच कांदा परत जमिनीत लावतात. पात वर आली की बुडाला माती चढवत जातात. मग थंडीत उपटून जाळावर पार काळाकुट्ट करतात आणि हाताने सोलून खातात. मी निफाडची. वडिलांच्या कांद्याच्या चाळीत लहानाची मोठी झाले. कोंब आला की तो कांदा गेला, हे मला चालायला लागले तेव्हापासून ठाऊक. बियाण्यासाठी लावतात ते वेगळं. खायला कोण लावतं? मी उलट पत्री कळवलं — थापा मारू नका.

एकतीस वर्षं हे भांडण चाललं. मी विळीवर बसले की हे म्हणायचे, "तिकडचा कांदा—" आणि मी म्हणायचे, "दाखवा मग!"

"दाखवीन. तुझ्याशिवाय तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाही."

दाखवला नाही. ह्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं.

१५ जानेवारी

ओवीबरोबर वाचनालयात गेले. नात माझी, नऊ वर्षांची, इथे जर्मनीतच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून. मी कॅटलोनिया म्हटलं तर तिथल्या बाई गोड हसल्या आणि मला लहान मुलांच्या कपाटाकडे न्यायला लागल्या! माझी साडी बघून ठरवलं असणार. मी सातवीपर्यंतच शिकले हे खरं. पण पुढचं सगळं वाचनालयाच्या वर्गणीवर शिकले आहे, बाई. वरच्या फळीवरचं सगळ्यात जाडं पुस्तक बोटाने दाखवलं. हे!

रोज दोन पानं. शब्दकोश मी बघते, वाक्य ओवी जुळवते. आज तिला फोटो सापडला. माणसं माना मागे टाकून लांब पांढरं काहीतरी तोंडात सोडताहेत, हात कोळशासारखे.

"आजी, गुक माल! बघ ना, आजोबांचे कांदे!"

मी चष्मा लावून पाहिलं. म्हटलं, ही पातीच्या कांद्याची जुडी. कोंब आलेला कांदाच लावला होता कशावरून?

"ओमा," ती म्हणाली. ओमा म्हणजे आजी. ती चिडली की मी ओमा होते.

२० जानेवारी

आज स्पष्टच विचारलं. माझा व्हिसा मार्चअखेर संपतो. पुन्हा देतील न देतील, माझं वय एकाहत्तर. कांद्याचा मोसमही तेव्हाच संपतो, पुस्तकात आहे. फेब्रुवारीत ओवीला आठवड्याची सुट्टी आहे. तर फोंतेला का नाही?

सूनबाई, ऊर्मिला, म्हणाली, "अहो आई, तिथे फार चढ आहे. तुमचे गुडघे..."

गेर्लिंगेन काय पाटासारखं सपाट आहे? रोज दूध आणायला मीच चढते ना!

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी पाहिलं. मग हृषी म्हणाला, "जाऊ आपण. त्या भागातलं सगळं दाखवतो. मठ, तेलाची गिरणी, डोंगर. फक्त ते गाव नको."

"का?"

"जाऊ दे ना आई."

कंपनीत चाळीस माणसं हाताखाली आहेत म्हणे. त्यांनाही 'जाऊ दे ना' असंच उत्तर देतो का?

२२ जानेवारी

बाल्कनीतल्या कुंडीत कोंब आलेला एक कांदा खोचला. ऊर्मिलेने विचारलं, "हे काय?" म्हटलं, प्रयोग.

१ फेब्रुवारी

दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत हे इथे एकटे आले होते. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी नाशकात. तीन आठवड्यांनी परत आले ते गप्पच. मी कांदा चिरत होते, वाट बघत होते. एक शब्द नाही! शेवटी मीच डिवचलं — काय, तिकडचा कांदा संपला वाटतं? नुसते हसले.

मार्चमध्ये माझ्या हातात रिपोर्ट ठेवला. त्यावर तारीख जानेवारीची होती. दोन महिने हा माणूस एकटा ते घेऊन हिंडला आणि मला कळू दिलं नाही. ऑगस्टमध्ये गेले. लोक म्हणतात, हळूहळू कमी होतं. दुःखाचं माहीत नाही. राग तर तसूभर कमी झालेला नाही.

१४ फेब्रुवारी, कॅटलोनिया

स्टुटगार्टहून विमान दोन तासांचं. ऊर्मिलेने बरोबर धपाटे, मेतकूट, गूळपोळ्या, आठ दिवसांचा चिवडा घेतलाय. एवढ्या लांब चिवडा खायला आलो का? हृषीने मोबाइलमध्ये तक्ता केला आहे. सकाळी नऊ ते अकरा निसर्ग. अकरा ते एक वारसा!

१५ फेब्रुवारी

बदाम फुलले आहेत. पान एक नाही, नुसती फुलं, अगदी फिकट गुलाबी. उतारावर दगडांची गोल खोपटी — चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवत वर मिटवत आणलेली. मेंढपाळांसाठी. आत शिरून बसले. ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, पाऊस आला आणि मी दोन तास दगडाच्या टोपीत बसलो. ते हेच.

हृषी बाहेरून घड्याळ दाखवत होता.

१६ फेब्रुवारी

तेलाची गिरणी पाहिली. ह्यांची नाही, दुसरी. भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळतात, वर तेल आणि मीठ. बस्स. मी तीन खाल्ले. ऊर्मिला चिवड्याचा डबा पुढे करत होती, ओवीने तो बंद केला आणि स्वतः चार खाल्ले.

दाराशी अभिप्रायाची वही होती. मी अर्धं पान मराठीत लिहिलं.

"आई, हे इथे कोण वाचणार आहे?"

"वाचणारं माणूस कधीतरी येतं."

ह्यावर तो एकदम उठून गाडीकडे गेला. काय एवढं लागण्यासारखं बोलले मी?

१७ फेब्रुवारी

आज मठ. आठशे-साडेआठशे वर्षांचा, अजूनही साधू राहतात, भिंतीबाहेर द्राक्षांचे मळे. बाहेर आलो तर नाक्यावर पाटी — फोंतेला, ९. नऊ किलोमीटर! पुण्यात मी भाजीला तेवढी हिंडते. आणि ह्याने गाडी उलट्या बाजूला वळवायची तयारी केली.

मी गाडीत बसलेच नाही. मठाच्या पायरीवर बसले.

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत."

"संध्याकाळी थंडी पडेल."

"शाल आहे. इथे साधू आहेत, मला भाकरीतुकडा देतील. तू जा बार्सिलोनाला."

ऊर्मिला गाडीतून म्हणाली, "अहो, जाऊ या ना आता. किती दिवस?" ती मला नव्हे, हृषीला सांगत होती. ओवी येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. "पापा, आजी हाट रेश्ट." आजीचं बरोबर आहे! तेवढं जर्मन मला आता कळतं.

पंचवीस मिनिटं. मग तो समोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. "उद्या जाऊ. पण आई, तिथे मला काही विचारायचं नाही. मी सांगू शकत नाही."

सांगू शकत नाही म्हणजे काय? माझ्या नवऱ्याच्या गावाबद्दल माझ्याच पोटचा पोरगा मला सांगू शकत नाही! रात्रभर डोळा लागणार नाही आता.

१८ फेब्रुवारी

जेवणाचं तेवढं लिहिते. बाकीचं आज नको.

रोझेरबाई आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, काठी घेऊन चालतात. आता त्यांची मुलगी शेत बघते, सुट्टीला येणाऱ्यांना अंगणात कांदा खिलवते. मुलीने मला वावरात नेलं. मी खुणेनेच सांगितलं, उपट. तिने उपटला. खाली जुना कांदा, अर्धा सडलेला, अंगातलं सगळं देऊन बसलेला. त्यातून सहा कोंब, वीतभर पांढरे, मातीत झाकून ठेवलेले. हातात घेऊन किती वेळ बघत राहिले.

थापा नव्हत्या.

द्राक्षाच्या काटक्यांचा जाळ करतात, उंच. कांदे पार काळे झाले की वर्तमानपत्रात गुंडाळून मुरत ठेवतात आणि कौलावर आणून देतात. घराचं कौल! गळ्यात कापड बांधायचं, हिरवी पात एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने काळी साल ओढायची. आतून पांढरा, वाफाळता. भाजलेल्या बदामाची, टोमॅटोची लाल चटणी. मान मागे टाकून सोडायचा तोंडात. गोड! भावाच्या शेतावर थंडीत हुरड्याला बसायचो, तसंच — राख, हात काळे, हसणं. मी अकरा खाल्ले. ऊर्मिलेच्या नाकाला काजळी. धपाट्यांची कुणाला आठवणही झाली नाही.

२१ फेब्रुवारी, गेर्लिंगेन

बाकीचं आज.

रोझेरबाईंनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही. हृषीचे दोन्ही गाल धरले आणि त्याला नावाने हाक मारली. तो खाली बघत राहिला. मग त्या आत गेल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वही घेऊन आल्या. एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. दोन वर्षांत तिथे ते कुणाला वाचता आलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४. ह्यांचं अक्षर.

"वासंती, शब्द मोडला. पुढच्या वर्षी जमेल असं दिसत नाही, म्हणून येऊन गेलो. हृषीला न सांगण्याची शपथ घातली आहे, त्याला बोल लावू नकोस. कांदा खरा आहे. तू आलीस की बघ."

खाली अर्धं पान कोरं सोडलं होतं. मी पेन मागितलं.

"बघितला. पण मला सोडून खाल्लात!"