दातेरी चाकाची चौथी बाजू

प्रताप नगर, नागपूर
५ फेब्रुवारी २०२६

चि. चिन्मयीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुझ्या आजोबांची १९२८ सालची मोटार अखेर चालू झाली. बावीस तारखेच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत ती मी चालवणार, शेजारी तुझी नीलाकाकू. बाबांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी उतावळा आहे म्हणायचे. आता मला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, अजून किती थांबू?

स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकं ढिम्म असायची. देवाजी मिस्त्रीने ते आवळलं. तो म्हणतो की सरळ रस्त्यावर आता काही चिंता नाही गा. वळणं या आठवड्यात घेऊन बघतो. काकू घाबरते, तिला समजाव.

तुझा काका, शरच्चंद्र

पुणे
९ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून जिवाला चैन नाही. काकूला फोन करून गाडीपुढे खाट टाकायला सांगितली आहे. त्यामागचं कारण तिला तुम्हांला नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

स्टिअरिंगच्या दांड्याचं मळसूत्र दातेरी चाकाला फिरवतं. गाडी बहुतेक सरळच चालते, म्हणून मधलेच दात झिजतात. तिथली ढिलाई आवळली की वळणावर कडेचे न झिजलेले जाड दात अडकतात आणि स्टिअरिंग परत येत नाही. ते चाक पूर्ण गोल असेल तर पाव फेरा फिरवून बसवा, नवे दात लागतील. नुसता चाकाचा तुकडा असेल तर फेरी विसरा. रागावलात तरी चालेल, पण काकूला घेऊन वळणावर अडकू नका.

लोभ आहेच, त्यात थोडा धीर मिसळावा.
तुमची चिन्मयी

नागपूर
१४ फेब्रुवारी

चि. चिन्मयीस आशीर्वाद.

काकू दोन दिवस खाटेवर बसून मटार सोलत होती. मी तिच्यावर रुसलो होतो. तुझं पत्र आल्यावर देवाजीला बोलावून स्टिअरिंगची पेटी उघडली.

चाक पूर्ण गोल निघालं. कडेवर हातोडीने ठोकलेली टिंबं होती: एका बाजूला एक, पुढे दोन, पुढे तीन. बाजू झिजली की बाबा खूण करून चाक फिरवत असत. चौथी बाजू कोरी होती, दात अगदी धारदार.

बाबांच्या शेवटच्या दिवसांत गाडी फार ढिली झाली होती, तेव्हा काहून दुरुस्त करत नाही म्हणून मी त्यांच्याशी भांडलो होतो. ते म्हणाले होते की एक बाजू तुझ्यासाठी ठेवून राहिलो. मला तो टोमणा वाटला. काल पेटीपुढे बसून मला रडू आलं.

ती कोरी बाजू बसवून आज काकूला घेऊन वळणं घेतली. स्टिअरिंग सुरळीत परत आलं. बाविसला तू ये, परतीला तू चालव. देवाजी चार टिंबं ठोकायला निघाला होता, त्याला मी थांबवलं. ती बाजू झिजली की तू ठोक.

तुझा उतावळा काका