न मागता दिलेला शब्द

ऐन झुबैदा, हौरान, सीरिया
१७ एप्रिल २०२५

चि. नायफ यास रबाबताईचे अ. आ.

पत्र ओबैद टॅक्सीवाल्याबरोबर पाठवते आहे. फोनवर बोलायची माझी छाती अजून होत नाही. सरकार बदललं, पण भिंतींचे कान कुणी कापल्याचं ऐकलं नाही. पाकीट चिकटपट्टीने बंद केलंय. ओबैद माणूस चांगला, पण वाचायची हौस दांडगी.

सोमवारी अम्मान सरकारचे दूत आले होते, मिजहिमसाहेब. बरोबर दमास्कसचे आपले साहेब. जॉर्डन आमच्या नव्या सरकारच्या पाठीशी कसा उभा आहे, वीज देणार, गहू देणार, जगात आमची बाजू मांडणार, असं भाषण झालं. इतकं गोड बोलले की मला संशयच आला. मग गावप्रमुख अबू फव्वाझकाकांच्या बैठकीत कॉफी आली, आणि मिजहिमसाहेबांनी पेला ओठाला न लावता खाली ठेवला.

आता पाहुण्याने पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय, आणि शब्द मिळाल्याशिवाय तो पिणार नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण काकांनी आधी काय हवंय ते विचारायचं की नाही? ते आपले मोठेपणाच्या भरात सांगून बसले, की प्या, मनात असेल ते दिलं. दूत गोरेमोरे झाले, एका घोटात कॉफी प्यायले आणि काहीही न मागता गाडीत बसून गेले.

तेव्हापासून गाव नुसतं धुमसतंय. कुणी म्हणतं यार्मूक नदीचं पाणी मागणार, कुणी म्हणतं सरहद्दीकडची रानं. मला विचारशील तर जॉर्डनला तुम्ही निर्वासित लोक नको झाला आहात. एरवी एवढं प्रेम उतू का चाललंय? ट्रकमध्ये घालून सगळ्यांना इकडे आणून टाकतील, आणि आम्ही तर शब्द देऊन बसलोय. तेव्हा खरं काय ते कळेपर्यंत निघायची घाई करू नकोस. इरबिदची खोली सोडू नकोस.

लमीसला आणि मुलींना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी रबाबताई


इरबिद
२५ एप्रिल

ती. रबाबताईस सलाम वि. वि.

चिकटपट्टी काढून पुन्हा तिरकी लावलेली होती. तुझा एक संशय तरी खरा ठरला.

इथले शेजारी भले आहेत. बारा वर्षं त्यांनी आम्हाला सांभाळलं. पण हल्ली जो तो दुवा-सलाम झाला की विचारतो, मग कधी निघताय. बेकरीवाला विचारतो, मुलींच्या शाळेतल्या बाई विचारतात. हाकलत कुणी नाही, नुसतं विचारतात. मला आता घरी यायचंय, ताई. माझ्या घरी.

आणि तू म्हणतेस, येऊ नकोस. लमीसची मावसबहीण ईदला गावी येऊन गेली. ती सांगत होती की नायफच्या घराला आतून नवा निळा रंग लागलाय, खिडक्यांना झुळझुळीत पडदे आहेत, आणि तुझा मुलगा जाबर लग्न करून बायकोसकट तिथेच राहतो. यातलं तुझ्या पत्रात काही नाही. दूताच्या पेल्यावर पानभर, आणि माझ्या घरावर एक ओळ नाही? लमीस म्हणते, नणंदबाईंना जॉर्डनच्या डावाची नाही, तीन खोल्यांची काळजी आहे. तिला मी गप्प केलं. स्वतःला करता आलं नाही.

काय असेल ते स्पष्ट लिही. चूकभूल पोटात घाल.

तुझा नायफ


ऐन झुबैदा
३ मे

चि. नायफ यास आ.

लमीसची मावसबहीण ईदला आली होती की पडदे बघायला? जाबर तिथे राहतो, हो, राहतो. या गावात रिकामं घर आठवडाभर टिकत नाही. निम्म्या घरांत भलतेच लोक शिरलेत आणि मालकालाच कागद दाखव म्हणतात. आत माणूस ठेवूनच मी तुझं दार राखलं. रंगाचं मात्र विचारू नकोस, वेळ आली की कळेल. उन्हाळा सरेपर्यंत थांब, एवढंच म्हणते.

इकडे दमास्कसच्या साहेबांचा निरोप आला, की बंधुराष्ट्रावर असा संशय घेणं बरं नव्हे. म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. काकांचं अन्नावरून मन उडालंय.

तू माझ्यावर संशय घेतलास, याचं फार वाईट वाटलं. लहानपणी माझ्याच ताटातलं खायचास आणि वर ताईला जास्त वाढलं म्हणून रडायचास. खोड गेली नाही तुझी.

जपून रहा.

रबाबताई


इरबिद
१२ मे

ती. ताईस सलाम वि. वि.

काकांना सांग, पोटभर जेवा. मिजहिमसाहेब इथल्याच शेजारच्या गावचे निघाले. त्यांच्या चुलत्यांच्या मयताला मी गेलो, आणि धीर करून विचारलं की त्या दिवशी मागायचं तरी काय होतं. ते कपाळाला हात लावून हसले, भर मयतात. ईदनंतरच्या सहा रोज्यांपैकी त्यांचा एक रोजा होता म्हणे. असल्या रोज्याचा गाजावाजा करू नये, म्हणून पेला गुपचूप ठेवला. तेवढ्यात काकांनी शब्द देऊन टाकला. न प्यावं तर यजमानाचा अपमान, म्हणून बिचाऱ्यांनी रोजा मोडला. पाणी नाही, रान नाही, काही नाही.

पण दिलेला शब्द तसाच परत केला तर काकांची शोभा होणार. त्यामुळे काहीतरी मागायला तर हवं, आणि काय ते त्यांना सुचेना. गावाला जड न जाणारं काय मागू, असं मलाच विचारू लागले. मी एक गोष्ट सुचवली. ती त्यांना पसंत पडली. त्यांच्या सरकारलाही पडेल म्हणाले. काय, ते विचारू नकोस. वेळ आली की कळेल.

नायफ


ऐन झुबैदा
२४ मे

चि. नायफ यास

मिजहिमसाहेब मंगळवारी आले. या खेपेला टीव्हीवाले बरोबर होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि साऱ्या गावादेखत मागणं मागितलं, की इरबिदच्या नायफचं घर मोकळं करून त्याच्या ताब्यात द्यावं. मी आतल्या दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे न बघता होकार दिला. शब्द आधीच गेलेला, दुसरं काय करणार? दमास्कसचे साहेब टाळ्या वाजवत होते. बातम्यांत दाखवलं, की दोन देशांच्या मैत्रीने पहिलं कुटुंब स्वगृही परततंय. तुम्हाला परत धाडायला त्यांना निमित्त हवंय, असं मी म्हणत होते. ते तू आयतं नेऊन दिलंस, माझी मान देऊन.

जाबरने त्याच दिवशी सामान हलवलं. सुनेला सातवा महिना आहे. दोघं माझ्या स्वयंपाकघरात निजतात. काल दूध आणायला गेले तर एकीने ऐकवलंच, की भावाचं घर लाटायचं होतं तर पडदे तरी साधे लावायचे. लढाईत दोन्हीकडचे बंदूकवाले दारात येऊन गेले, तेव्हा मी खाली बघितलं नव्हतं. काल बघितलं.

रंगाचं सांगते. मागच्या खोलीची गोळ्यांनी चाळण झाली होती, ते तुला ठाऊकच आहे. जाबर कामावरून आला की रोज तिथे गिलावा करायचा. निळा रंग तुझ्या धाकटीला आवडतो म्हणून. पडदे सुनेने माहेराहून आणलेले, लमीसला शोभतील म्हणून लावले. न्हाणीघराचं छत तेवढं राहिलंय. घरात पाऊल टाकल्या टाकल्या लमीसला आडोसा शोधायला लागू नये, म्हणून थांब म्हटलं.

आता ये. घर झाडून ठेवलंय. छत तुझं तू घाल. मी दारात नसेन, लोकांना पुन्हा तमाशा नको. तू मयत गाठलंस, दोन सरकारं मध्ये घातलीस. मला नुसतं लिहायचंस, की ताई, छत नसेना का, मी निघालो.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. पण तो तुझ्याकडे मागायला आता कुणाला पाठवायचं, ते मला सुचत नाही. म्हणून लिहीत नाही.

रबाब