सिंह सोडून सगळं

३ नोव्हेंबर

माऊली बरा आहे! आज कळलं. फोनवरून नाही, फोन तर भाऊबीजेपासून बंदच. गेमवरून कळलं!

आम्हा भावाबहिणीचं गेममधलं खातं एकच. तो पुण्याच्या खोलीवर लॅपटॉपवर खेळतो, मी इथं मानवतला त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर. एकानं जिथं सोडलं तिथून दुसऱ्यानं पुढं. मागच्या भागात समुद्री चाचे होते, या भागात जुना इजिप्त. आज कितीतरी दिवसांनी उघडलं, तर आपला शिकारी भलतीकडंच, नाईलच्या काठावर. थैलीत हरणांची कातडी, एक मगरीचं. म्हणजे पठ्ठ्या खेळतोय!

आईला सांगितलं. म्हणाली, "मंग फोन का बंद ठिवलाय गं?"

उत्तर ठाऊक आहे, पण अण्णा समोर होते. पोलीस भरतीत माऊली दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा तेच त्याला म्हणाले होते, "वर्दी अंगावर आल्याबिगर तोंड दावू नको." रागात बोलले. पण बोलले.

४ नोव्हेंबर

अण्णा सकाळी पिशवी भरून बसले होते, पुण्याला निघतो म्हणून. मीच अडवलं. काल दोन रानडुकरं मारलीत त्यानं, बरा आहे, राग निवळू द्या. तुम्ही जाऊन उभे राहिलात तर आणखी बिथरेल. अण्णांनी पिशवी खुंटीला टांगली आणि कापूस वेचायला गेले.

बरोबर केलं ना मी?

७ नोव्हेंबर

आईचं आता रोजचं झालंय. भाकरी थापता थापता विचारते, "आज काय मारलं गं माऊलीनं?"

आज सांगितलं, तरस.

"अगं बाई! तरस खायलाय का?"

"खात नाही गं, कातडं काढतो. त्यानं चिलखत मजबूत होतं."

"मंग जेवतो कुटं?"

हसले. मग हसू गेलं. खरंच, जेवतो कुठं? मेसचे पैसे तरी भरले असतील का?

एक खटकलं. तरस मारला, पण बाजूला दोन हरणं तशीच पडलेली, कातडी न काढता. माऊली असं कधी करत नाही. मारलंस तर वाया घालवू नको, हा त्याचाच नियम! मन ठिकाणावर नसेल. दुसरं काय?

९ नोव्हेंबर

आईबरोबर पोखर्णीला जाऊन आले. नृसिंह आमचं कुळदैवत. आईनं पदर पसरून काय मागितलं ते सांगायला नको.

देवळात मला माऊलीचं सोंग आठवत होतं. गेममध्ये सिंह दिसला की हा माउस सोडून हात जोडायचा. "देव आला, राजे, पळ!" आणि आमचा एवढा मोठा शिकारी वाळवंटात धूम ठोकायचा! सिंहाच्या कातड्याशिवाय चिलखताचा शेवटचा टप्पा होत नाही. आमचा कधी झालाच नाही. सिंह सोडून सगळं मारायचं, हे ठरलेलं. मित्र चिडवायचे, शिकारी म्हणवता आणि सिंहाला घाबरता! हा म्हणायचा, "घाबरत न्हाई, घरचाच हाय त्यो."

लय आठवण येतेय त्याची. भाऊबीजेला ताट तयार करून बसले होते मी. आलाच नाही.

११ नोव्हेंबर

युक्ती सुचली! गेममधल्या घोडीचं नाव त्यानं मला चिडवायला माझंच, 'राजी', ठेवलंय. तबेल्यात जाऊन नाव बदललं, 'फोन कर'. घोडीवर बसताना दिसेलच.

१२ नोव्हेंबर

घोडी घेऊन फिरला. पाणघोडा मारला. फोन नाही.

ठीक आहे. नको करू! पण एवढा कसला राग रे? मी काय केलं होतं?

१४ नोव्हेंबर

चिलखत पूर्ण झालंय. सोनेरी. कॉलेजला जायच्या आधी सहज उघडलं, थैली बघितली. थैलीत सिंहाचं कातडं.

आधी वाटलं, देवावरचाही विश्वास उडाला त्याचा. आता हा जिवाचं काही बरंवाईट करणार. पळत शेतात गेले, अण्णांना सांगितलं. या गेमच्या नावानं कायम शिव्या घालणारा माणूस कापसाचं ओझं टाकून माझ्याबरोबर घरी आला आणि पहिल्यांदाच त्या कॉम्प्युटरसमोर बसला.

"सिंव्ह मारला म्हन्तीस? माऊलीनं?"

"हो."

"आपला माऊली न्हाई मारायचा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "राजे, मंग ह्यो कोन हाय?"

मला हे इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नाही. एकदाही!

घोडीच्या नावाच्या जागी माझा नंबर टाकलाय.

१५ नोव्हेंबर

आत्ता फोन आला. माऊलीच्या खोलीवरचा मुलगा. घोडीवरचा नंबर कुणाचा म्हणून विचारत होता.

"माऊली? तो भाऊबीजेलाच गेला की. लॅपटॉप मलाच देऊन गेला, खेळ म्हणला. बहिणीकडं ओवाळून घ्यायला जातो म्हणला. का? तिकडं नाही का तो?"

अण्णांनी खुंटीवरची पिशवी काढलीय.

आत भाकरी थापायचा आवाज. आई विचारतेय, "राजे, आज काय मारलं गं माऊलीनं?"