असाहेलच्या घरचा चहा

१४ नोव्हेंबर १७७३, बोस्टन
काकवीतला घेवडा ताटातच राहिला! माझा पाठचा भाऊ असाहेल जेवता जेवता ह्यांच्यावर उखडला. हे जकातघरात कारकून. "दाजी, लंडनच्या सभागृहात आमचा एक तरी माणूस बसतो? मग आमच्या चहावर कर बसवणारे ते कोण?"
हे म्हणाले, "फ्रेंचांपासून तुम्हांला वाचवलं, तो खर्च काय आभाळातून पडला?"
मला दोघांचंही पटत होतं. मी ताटं उचलली.

१८ नोव्हेंबर
आज ह्यांच्याजवळ बोलून गेले मी. सहज, हसत – "असाहेलकडे चहा काही आटत नाही हो, पाळण्यामागे पेट्याच आहेत." हे हसले नाहीत.

२० नोव्हेंबर
जकातीची माणसं असाहेलच्या घरात घुसली. कुणाचंही घर कधीही उघडायचा राजाचा परवाना! हॉलंडचा चोरटा चहा निघाला. बाळंतिणीची गादीसुद्धा उसवली. केझाया, माझी भावजय, तान्ह्याला घेऊन भिंतीला टेकून उभी.
पेट्या मी सोडून कुणी पाहिल्या नव्हत्या. असाहेलने मला काहीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाळाचं टोपडं बांधत बसले.

२८ नोव्हेंबर
लोक चुगलखोराला शोधतायत. त्याच्या अंगाला फासायला डांबर तापवून ठेवलंय म्हणे, वर चिकटवायला पिसंही. ह्यांनी दाराला आडणा घातला. पण कुणी आलंच नाही. का?

१७ डिसेंबर
काल लोकांनी जहाजांवर चढून इंग्लंडचा चहा बंदरात बुडवला. असाहेल त्यांच्यात होता. महिन्यापूर्वी हा माणूस नुसता वाद घालायचा! आणि आता?

३ जून १७७४
बुडवलेल्या चहाची शिक्षा म्हणून राजाने बंदर बंद केलं. जहाजं नाहीत, तर असाहेल वळतो ते दोर कोण घेणार? पाव पाठवला. परत आला.

२० एप्रिल १७७५
काल लेक्सिंग्टनला राजाच्या फौजेने लोकांवर गोळ्या झाडल्या. माणसं मेली. आज मनाचा हिय्या करून असाहेलला सगळं सांगायला गेले. दार सताड उघडं. बंदूक घेऊन तो शहराबाहेर निघून गेलेला.
दीड वर्ष होतं माझ्या हातात. दीड वर्ष!

१७ मार्च १७७६
राजाची फौज शहर सोडतेय. आम्हीही, जहाजाने हॅलिफॅक्सला, राजाच्या मुलखात. धक्क्यावर केझाया भेटली. हात धरून तिला सगळं सांगितलं.
"वन्सं, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "लोक डांबर घेऊन तुमच्याकडे निघाले, तेव्हा तुमचे भाऊच आडवे जाऊन म्हणाले – पेट्यांचं दारूच्या गुत्त्यावर मीच बरळलो."
आम्ही चढलो, आणि जहाजाची शिडी वर ओढली.